हाँगकाँगचे कंट्री पार्क, चार दिवस: आधी परतीची बस, मग डोंगर

हाँगकाँगमध्ये मेट्रोतून उतरून बस धरली की अर्ध्या-पाऊण तासात माणूस डोंगरावर असतो. तिथल्या जमिनीपैकी सुमारे ४० टक्के भाग कंट्री पार्क आणि तशाच राखीव क्षेत्रांत मोडतो. १९७६ साली कायदा झाला, १९७९पर्यंत २१ पार्क जाहीर झाले, आणि २०२४मध्ये रॉबिन्स नेस्ट हा पंचविसावा त्यात आला. प्रवेश सगळीकडे फुकट. तिकीटखिडकी नाही, गाइडचा ससेमिरा नाही.

नाताळच्या सुट्टीतली ही सहल सत्तरी ओलांडलेली आजी, आठ आणि बारा वर्षांची मुलं आणि आई-बाबा अशा मंडळींची. अशा घरच्या गोतावळ्यासाठी पार्क निवडताना शिखराची उंची आणि फोटो हे नंतर बघायचं. आधी दोन गोष्टी बघायच्या: वाट संपते तिथून परतीची बस किती वाजता आणि कोणत्या वारी असते, आणि कुणाचे गुडघे बोलायला लागले तर मधूनच बाहेर पडायला रस्ता कुठे आहे. एवढं जमलं तर बाकी सगळं जमतं.

कागदपत्रांचं थोडक्यात: भारतीय पासपोर्टवर १४ दिवसांपर्यंतच्या भेटीला व्हिसा लागत नाही, पण निघण्याआधी ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागते. ती फुकट आहे आणि तिची छापील प्रत जवळ लागते. बस, मिनीबस, मेट्रो सगळीकडे चालणारं ऑक्टोपस कार्ड विमानतळावरच घ्यावं. ३ ते ११ वर्षांच्या मुलांचं कार्ड वेगळं असतं. मिनीबसमध्ये रोख दिले तर सुटे परत मिळत नाहीत, म्हणून कार्डात पुरेशी रक्कम ठेवावी.

दिवस पहिला, गुरुवार: पीकचा सपाट फेरा

विमानप्रवासाच्या दिवशी चढ घ्यायचा नाही. व्हिक्टोरिया पीकवर लुगार्ड रोड आणि हार्लेक रोड मिळून साडेतीन किलोमीटरचा गोल फेरा होतो. पूर्ण सपाट, बराचसा सावलीतला, बाबागाडी आणि व्हीलचेअर दोन्ही चालतात. आरामात चाललं तर सव्वा तास. वर जायला पीक ट्रामची रांग सुट्टीत फार लांबते. सेंट्रलच्या ५ नंबर धक्क्यावरून सुटणारी १५ नंबरची बस घ्यावी. डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर मुलं ट्रामचं नावही काढत नाहीत. ज्यांना गाडी लागते त्यांनी मात्र खालीच बसावं, वळणं कोकणातल्या घाटाची आठवण करून देतात.

फेरा लुगार्ड रोडच्या बाजूने सुरू करावा. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच डाव्या हाताला डोंगर आणि उजव्या हाताला खाली बंदर, अशी जागा येते. पीकच्या सज्जांवर पैसे देऊन जे दिसतं तेच इथे कठड्याला टेकून दिसतं. हा रस्ता १९१३-१४च्या सुमारास बांधला. काही भाग कड्याला खांब लावून त्यावर टाकलेला आहे, म्हणून तो इतका अरुंद. ज्यांच्या नावाचा हा रस्ता ते गव्हर्नर फ्रेडरिक लुगार्ड हाँगकाँग विद्यापीठ उभारायच्या मागे लागले होते, आणि त्या विद्यापीठाच्या इमारतीसाठी दीड लाख डॉलर दिले ते मुंबईत जन्मलेले पारशी व्यापारी होर्मसजी मोदी यांनी. ते विद्यापीठ याच डोंगराच्या पायथ्याशी आहे.

वाटेत रबराच्या वडाचं भलंमोठं झाड लागतं, पारंब्या थेट जमिनीत उतरलेल्या. मेघालयात ज्याच्या मुळांचे पूल विणतात तेच हे झाड. आजीला बंदरापेक्षा हेच जास्त आवडलं.

डिसेंबरात साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो. साडेचारला फेरा सुरू केला तर अर्धा उजेडात आणि अर्धा दिव्यांत होतो. वर वारा बोचरा असतो. खाली १९ अंश असले तरी अंगात पातळ स्वेटर आणि त्यावर वारा अडवणारं जाकीट हवं. जाड लोकरी स्वेटर एकच घेतला तर चालताना घाम आणि थांबल्यावर हुडहुडी, असं होतं.

दिवस दुसरा, शुक्रवार: शिंग मुन, तलाव आणि माकडं

त्सुन वान मेट्रो स्टेशनच्या जवळच शिउ वो स्ट्रीटवरून ८२ नंबरची हिरवी मिनीबस पाइनॅपल डॅमला जाते. अननसाचे मळे होते म्हणून हे नाव. मिनीबसमध्ये उभं राहून प्रवास करू देत नाहीत, सीट भरल्या की गाडी थांबत नाही. पाच जणांना एकाच गाडीत बसायचं तर सुरुवातीच्या थांब्यावरूनच चढावं.

उतरल्या उतरल्या माकडं भेटतात. घाबरायचं कारण नाही, पण नियम पाळावे लागतात आणि ते मुलांना गाडीतच समजावून सांगावेत. इथल्या माकडांनी एक समीकरण पक्कं केलं आहे: प्लॅस्टिकची पिशवी म्हणजे खाणं. आत स्वेटर असला तरी ती पिशवी हिसकावली जाते. म्हणून हातात काहीच नको, सगळं चेनवाल्या सॅकमध्ये. सॅकच्या बाजूच्या जाळीतली पाण्याची बाटलीही आत टाकावी. माकडाच्या डोळ्यात डोळे घालू नयेत, दात दाखवून हसू नये, कारण त्यांच्या भाषेत ते आव्हान असतं. पळू नये. मुलांना मध्ये घेऊन एका चालीने पुढे निघून जावं. खायला घालणं तर सोडाच: १ ऑगस्ट २०२४पासून जागच्या जागी ५,००० हाँगकाँग डॉलर दंड होतो, आणि खटला चालला तर कमाल दंड १ लाख डॉलर आणि एक वर्ष कैद. मारुतीला फुटाणे घालायची आपली सवय इथे महागात पडेल. हा नियम पारव्यांनाही लागू आहे.

तलावाला पूर्ण वळसा साधारण आठ किलोमीटरचा. खाऊनपिऊन तीन ते साडेतीन तास धरावेत. पाणी उजव्या हाताला ठेवून निघालं की पहिला भाग रुंद आणि जवळजवळ सपाट आहे. आजीसाठी हिशेब सोपा होता: दोन किलोमीटर जायचं, बाकावर बसायचं, त्याच वाटेने परत मिनीबसपाशी. एक जण सोबत परत फिरला, बाकीचे पुढे गेले. 'सगळ्यांनी सगळं बघायचं' हा हट्ट धरला की वृद्ध आणि लहान मुलं दोघंही तिसऱ्या दिवशी हॉटेलात झोपून राहतात.

उत्तर टोकाला पेपरबार्कची झाडं आहेत. मूळची ऑस्ट्रेलियाची. मुळं पाण्यात बुडली तरी ती तग धरतात, म्हणून काठाला लावलेली. साल पांढरट, आणि जुन्या वहीची पानं सुटावीत तशी थरांनी सुटते. हात लावला तर मऊ, दाबली तर किंचित आत जाते. मुलांचे हात साल सोलायला शिवशिवतात, तेवढं अडवावं लागतं. पार्कातलं पानसुद्धा तोडायला मनाई आहे. पावसाळ्याच्या शेवटी तलाव भरलेला असला की ही झाडं पाण्यात उभी दिसतात आणि सगळे फोटो तेव्हाचे असतात. डिसेंबरात पाणी उतरलेलं असतं, काठाला चिखलाचा पट्टा दिसतो. चिखल वरून सुकलेला वाटतो, पण पाय घोट्यापर्यंत आत जातो.

पुढे पूर्वेकडची वाट गर्द झाडीतून जाते. तीत थोडे चढउतार आणि ओहोळ आहेत. हा तलाव बांधताना इथली आठ गावं उठवली गेली. धरण १९३७ला पूर्ण झालं. पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवावरून त्याला ज्युबिली हे नाव मिळालं. रानात मधेच दगडी बांधांच्या रांगा दिसतात, त्या उठून गेलेल्या गावांच्या भातखाचरांच्या. कोयनेच्या किंवा पानशेतच्या काठाने ज्यांनी अशा खुणा पाहिल्या आहेत त्यांना ओळखायला वेळ लागत नाही.

धरणाच्या भिंतीवरून पलीकडे गेलं की मॅकलेहोज ट्रेल या १०० किलोमीटरच्या पायवाटेच्या सहाव्या टप्प्याच्या पायऱ्या लागतात. पंधरा-वीस मिनिटं चढल्यावर जिन ड्रिंकर्स लाइन या इंग्रजांच्या जुन्या संरक्षणफळीची खंदकं आणि भुयारं. इंग्रजांनी भुयारांना लंडनच्या रस्त्यांची नावं दिली होती. 'शाफ्ट्सबरी अ‍ॅव्हेन्यू', 'चेअरिंग क्रॉस' अशी अक्षरं काँक्रीटमध्ये अजून वाचता येतात. ९ डिसेंबर १९४१च्या रात्री जपान्यांनी ही चौकी हल्ला करून काही तासांत घेतली आणि अख्खी फळी कोसळली. त्या फळीवर रॉयल स्कॉट्सच्या जोडीला पंजाब आणि राजपूत रेजिमेंटच्या भारतीय पलटणी होत्या. मुलांना भुयारात घुसायचं असतंच. आत अंधार, ओल, खाली सुटे दगड आणि डोक्याला लागेल इतकी बुटकी छतं. तोंडाशी उभं राहून टॉर्च मारला तरी पुरे.

त्सुन वानला परतल्यावर तोफू फा खावी. सोयाबीनच्या दुधाचं थरथरतं, कोमट दही म्हणावं असं काहीतरी, वरून आल्याचा पाक किंवा लालसर साखर. अंडं नाही, जिलेटिन नाही. थंडीत चालून आल्यावर आल्याच्या पाकाची वाटी आजीपासून धाकट्यापर्यंत सगळ्यांना चालली.

शाकाहाराबद्दल इथेच सांगून टाकतो. 'भाज्यांची डिश' मागितली तर भाज्याच येतात, पण वर ऑयस्टर सॉस आणि आत कोंबडीचा अर्क असू शकतो. नूडल्सचं पाणी बहुतेक वेळा मांसाचं असतं. खात्रीचं खाणं म्हणजे बौद्ध शाकाहारी उपाहारगृहं, आणि तिथे कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे कटाक्ष पाळणाऱ्यांचीही सोय होते. बौद्ध शाकाहारासाठीचं चिनी अक्षर फोनमध्ये साठवून दाखवलं की काम पटकन होतं. दुपारचं जेवण मात्र घरचंच न्यावं. दशम्या, चटणी, लाडू, चिवडा चालतो. अंडी आणि मांस मात्र भारतातून परवानगीशिवाय नेता येत नाही.

दिवस तिसरा, शनिवार: ड्रॅगन्स बॅक, आणि ज्यांना चढायचं नाही त्यांच्यासाठी शेक ओ

ही वाट सगळ्यांनी ऐकलेली असते, म्हणून शनिवार-रविवारी तिच्यावर लालबागच्या रांगेइतकी नसली तरी सिंहगडाइतकी गर्दी असते. शक्य असेल तर आठवड्याच्या मधल्या वारी जावं. शनिवारीच जमणार असेल तर नऊच्या आत वाटेला लागावं.

शाउ केई वान स्टेशनच्या ए३ दरवाजाबाहेर ९ नंबरच्या बसचा थांबा आहे. हीच बस दोन्ही गटांच्या उपयोगाची. चढणारे तो तेई वानला उतरतात, न चढणारे त्याच बसने शेवटपर्यंत, शेक ओच्या समुद्रकाठी जातात. आजी आणि आई शेक ओला, बाबा आणि मुलं डोंगरावर, दुपारी दीडला शेक ओच्या बसथांब्यावर भेट, असं ठरलं. ठिकाण 'किनाऱ्यावर' असं मोघम ठेवू नये. किनारा मोठा आहे.

तो तेई वानपासून पायऱ्या आणि मातीची वाट. पहिली अर्धा-पाऊण तास चढण हीच काय ती दमवणारी. नंतर सोंडेवरून खालीवर होणारी वाट सुरू होते, दोन्ही बाजूंना समुद्र. शेक ओ पीक २८४ मीटर, म्हणजे आपल्या किल्ल्यांच्या मानाने टेकाडच, पण झाडं गुडघ्याइतकी बुटकी असल्याने वाऱ्याला आडोसा नाही. टोप्या दोरीने बांधाव्यात. वारा बरोबर असेल तर पॅराग्लायडर माथ्यावरून उडी घेतात आणि कधी डोक्याच्या पातळीवरून समोरून जातात. मुलं तिथून हलत नाहीत, वीस मिनिटं जास्तीची धरावीत.

इथे भेटणारी माणसं हा वेगळाच कार्यक्रम असतो. सत्तरीतले चिनी काका-काकू दोन्ही हातांत काठ्या घेऊन आपल्या दुप्पट वेगाने येतात आणि 'जो सान', म्हणजे सुप्रभात, म्हणून पुढे जातात. सकाळी भेटलं की 'जो सान' म्हणायचं, मुलांना तर ते इतकं आवडलं की प्रत्येकाला म्हणत सुटली. एका आजोबांनी थांबून धाकट्याला सोललेलं संत्रं दिलं. साली मात्र पिशवीत भरून स्वतःबरोबर नेल्या, कारण २०१७च्या अखेरीस पायवाटांवरच्या सगळ्या कचराकुंड्या काढून टाकल्या आहेत. आपला कचरा आपण खाली न्यायचा. दोन रिकाम्या पिशव्या, एक ओल्या आणि एक सुक्या कचऱ्याला, सकाळीच सॅकमध्ये टाकाव्यात. स्वच्छतागृहं वाटेच्या सुरुवातीला आणि शेवटी असतात, मधे नाहीत, आणि पाण्याची तोटी नसते. एक छोटी बाटली त्यासाठी वेगळी ठेवावी.

पूर्ण टप्पा साडेआठ किलोमीटरचा. हा ५० किलोमीटरच्या हाँगकाँग ट्रेलचा शेवटचा, आठवा टप्पा आहे. पहिला दिवस जिथे काढला त्या पीकवरूनच तो ट्रेल निघतो. सोंड संपल्यावर वाट सावलीत शिरते आणि बराच वेळ सपाट चालते. शेवटी बिग वेव्ह बेकडे उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. दमलेल्या पायांना या पायऱ्याच त्रास देतात, चढण नाही. मुलांच्या बुटांच्या नाड्यांचे फास उतरण्याआधी पुन्हा घट्ट करावेत, नाहीतर अंगठ्याची नखं पुढे आपटून काळीनिळी होतात.

वाटेवर दर ५०० मीटरला एक खांब असतो, त्यावर अक्षर आणि आकडा. हाँगकाँग ट्रेलवर 'एच'ने, मॅकलेहोजवर 'एम'ने सुरू होणारा. काही अडचण आली तर ९९९ला फोन करून नुसता हा आकडा सांगितला तरी मदत नेमक्या जागी येते. मुलांना खांब मोजायचं काम लावून द्यावं. एकदा ते लागलं की 'किती राहिलं' हा प्रश्न तेच सोडवतात.

बिग वेव्ह बेच्या उत्तर टोकाला खडकावर सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं कोरीवकाम आहे, भौमितिक नक्षी आणि प्राण्यांसारख्या आकृत्या. १९७०ला ते लक्षात आलं. दहा मिनिटांत बघून होतं. तिथून शेक ओपर्यंत रस्त्याने पाऊण तासाच्या आत पोचता येतं. डिसेंबरात पाणी गार असतं, पण भिजल्याशिवाय मुलांना चैन पडत नाही. कोरडे कपडे शेक ओला गेलेल्या गटाकडे द्यावेत म्हणजे डोंगरावर ओझं नाही. परतीच्या बसला दुपारी तीननंतर लांब रांग लागते. अडीचला उभं राहिलं तर बसायला जागा मिळते.

दिवस चौथा, रविवार: साय कुंग, धरण आणि कोळशावरचं जेवण

चारही दिवसांत हा सर्वांत भरगच्च, आणि नियोजन चुकलं तर सर्वांत जास्त फसणारा.

ठिकाणं दोन. पाक ताम चुंग हे साय कुंग कंट्री पार्कचं तोंड: माहिती केंद्र, बार्बेक्यूच्या जागा, बसथांबा. तिथून सुमारे दहा किलोमीटर आत, समुद्राला लागून, हाय आयलंड जलाशयाचं पूर्व धरण. पाक ताम चुंगच्या फाटकाच्या पुढे खासगी गाड्यांना परवानगी लागते, टॅक्सी जातात. सुट्टीच्या दिवशी ९ए नंबरची मिनीबस धावते, तिच्या वेळा मोजक्याच असतात, त्या आदल्या दिवशी बघून ठेवाव्यात. मॅकलेहोज ट्रेलचा पहिला टप्पा म्हणजे हाच रस्ता, १०.६ किलोमीटर, डांबरी. त्यावरून मुलांना चालवणं म्हणजे दिवस वाया.

डायमंड हिलहून ९२ नंबरच्या बसने साय कुंग गावात यावं. चहा इथेच घ्यावा: कडक, आटवलेल्या दुधाचा, आपल्याला चालणारा. सुपरमार्केटमधून कोळसा, दोन दाती लांब सळया, मका, रताळी घ्यावीत. मग टॅक्सी. टॅक्सीच्या मागे किती आसनं ते लिहिलेलं असतं. पाच जण असाल तर पाच आसनांची थांबवावी, चारवाला पाचव्याला घेत नाही. याच टॅक्सीने आजी, बाबा आणि सामान पाक ताम चुंगला उतरलं आणि बाकीचे पुढे धरणावर गेले. रविवारी बार्बेक्यूच्या चांगल्या जागा दहा-साडेदहापर्यंत भरतात. आगाऊ नोंदणी नाही, जो आधी बसेल त्याची जागा.

धरणावर सावली नाही, दुकान नाही. सकाळी साडेनऊला गेलं तर उजेड खडकावर समोरून पडतो. हे खडक बघायलाच यायचं: हजारो षट्कोनी खांब एकाला एक चिकटून कड्याच्या उंचीइतके उभे. सुमारे १४ कोटी वर्षांपूर्वी इथे प्रचंड ज्वालामुखी फुटला, त्याची राख खचलेल्या मुखात जाड थराने साचली, आणि हळूहळू थंड होताना आकसून तिला सहा बाजूंच्या भेगा पडल्या. अंधेरीचा गिल्बर्ट हिल ज्यांनी पाहिला आहे त्यांना ओळख लगेच पटेल. फरक रंगाचा. गिल्बर्ट हिलचा बेसाल्ट काळा आणि सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. इथल्या खडकात सिलिका खूप जास्त, म्हणून तो फिकट, पिवळसर-गुलाबी. खालच्या लाकडी वाटेवर गेलं की काही खांब मऊ असतानाच वाकल्यासारखे तिरपे झालेले दिसतात, आणि एका जागी काळ्या दगडाची पट्टी त्यांना चिरत गेलेली दिसते. ती नंतर आत घुसलेल्या बेसाल्टची. मुलांना सांगावं: काळी पट्टी खांबांना कापते, म्हणजे ती खांबांपेक्षा धाकटी. एवढं कळलं तरी भूगर्भशास्त्राचा पहिला धडा झाला.

धरणाच्या समुद्राकडच्या बाजूला काँक्रीटचे अजस्र डोलोस रचले आहेत, एकेक २५ टनांचा. मरीन ड्राइव्हवरच्या टेट्रापॉडचंच काम: लाटेचा जोर मोडायचा. त्यांच्यावर चढू देऊ नये, फटी खोल आहेत. हे धरण १९७८ला पूर्ण झालं. मुख्य भूमी आणि हाय आयलंड बेट यांच्यामधली सामुद्रधुनीच दोन्ही टोकांना बांध घालून बंद केली, खारं पाणी उपसलं आणि गोडं भरलं. एवढा खटाटोप का, तर १९६३च्या दुष्काळात हाँगकाँगला चार दिवसांतून एकदा, चार तास पाणी मिळत होतं. कंट्री पार्कांचा बराच भाग या जलाशयांचं पाणलोट क्षेत्र आहे, आणि डोंगर मोकळे राहिले त्यामागे हेही एक मोठं कारण. आपल्याकडे विहार आणि तुळशी तलावांभोवतीचं बोरिवलीचं रान असंच तर टिकलं.

परत यायला साडेअकराच्या आसपास नवे पाहुणे घेऊन येणाऱ्या टॅक्सी रिकाम्या परततात, त्यातली धरावी. दुपारनंतर सगळ्यांना एकदम परतायचं असतं. रविवारी टॅक्सी तरी येतात, आठवड्याच्या मधल्या वारी मात्र ज्या टॅक्सीने आलात तिलाच थांबायला सांगून पैसे ठरवावेत.

आता कोळसा. पाच जणांना तीन किलोच्या आसपास पुरतो. पेटवायच्या वड्या तळाशी, त्यावर कोळशाचे छोटे तुकडे हवेला जागा सोडून ढीग करून. पहिली दहा मिनिटं वारा घालू नये, वड्या विझतात. सगळे इथेच घाई करतात: ज्वाळा दिसल्या की सळया पुढे. ज्वाळेवर बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं. कोळशावर राखाडी साय धरेपर्यंत, म्हणजे तीसेक मिनिटं, थांबायचं. मग निखारे पसरायचे, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ, म्हणजे आच कमीजास्त करायला हात सरकवला की झालं.

रताळी फॉइलमध्ये गुंडाळून सुरुवातीलाच कडेला लावावीत, पाऊण तास लागतो. मका सालासकट पंधरा मिनिटं पाण्यात भिजवून ठेवला तर दाणे सुकत नाहीत; शेवटची पाच मिनिटं साल काढून थेट निखाऱ्यावर, मग लिंबू, तिखट, मीठ. वांग्याला टोचे मारून तेलाचा हात लावायचा, नाहीतर ते फुटतं. पनीर चिम शा चुईच्या चुंगकिंग मॅन्शन्समधल्या भारतीय किराणा दुकानांत मिळतं. तुकडे दीड इंचाचे ठेवावेत, पातळ कापले तर दुदाती सळईवरून निसटून निखाऱ्यात जातात. स्थानिक लोक सगळ्याला मध लावतात. चांगला लागतो, पण अगदी शेवटी लावायचा, आधी लावला तर जळून कडू होतो.

शेजारच्या चुलीवर एक नेपाळी कुटुंब होतं. गुरखा पलटणींमुळे हाँगकाँगमध्ये नेपाळी वस्ती बरीच आहे, आणि मॅकलेहोज ट्रेलची १०० किलोमीटरची प्रसिद्ध चाल-शर्यतही १९८१मध्ये गुरखा सैनिकांच्या सरावातूनच सुरू झाली. हिंदीत गप्पा झाल्या, आमच्याकडून भरीत गेलं आणि तिकडून मुळ्याचं लोणचं आलं. पलीकडे घरकाम करणाऱ्या फिलिपिनो बायकांचा मोठा गट गात बसला होता. त्यांची आठवड्याची सुट्टी बहुधा रविवारीच असते.

माकडांची जागा इथे गाईंनी घेतली आहे. शेती सुटली तशी शेतकऱ्यांनी सोडून दिलेल्या तांबूस गुरांची ही पिल्लावळ, आता रानटी. दिसायला गरीब, पण पाठ फिरली की पावाचं पाकीट उचलतात. गाय दिसली म्हणून आजीने पोळी पुढे करायची नाही.

जेवण झाल्यावर अर्धं कुटुंब झोपलं असेल तर बाकीच्यांनी शेउंग यिउ लोकवस्तुसंग्रहालय बघून यावं. खाडीकाठच्या वाटेने वीस मिनिटं, प्रवेश फुकट, मंगळवारी बंद. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हक्का लोकांनी वसवलेली घरांची ओळ, चाच्यांवर नजर ठेवायचा बुरूज, आणि शेजारी चुन्याची भट्टी. पोवळी आणि शिंपले भाजून चुना काढायचा, तोच त्यांचा धंदा. कोकणात शिंपल्यांचा चुना भाजायचे ते ज्यांना माहीत आहे त्यांना भट्टीची रचना समजावून सांगावी लागत नाही. सिमेंट आलं आणि भट्टी बसली.

निघताना निखाऱ्यांवर पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं, पुन्हा ओतायचं. वाफ थांबेपर्यंत. डिसेंबर हा कोरडा महिना, गवत पेटायला ठिणगी पुरते, आणि ठरलेल्या जागेबाहेर चूल मांडणं गुन्हा आहे. ९४ नंबरची बस रोज साय कुंग गावापर्यंत आणते. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी ९६आर थेट डायमंड हिलला जाते, मुलं झोपेला आलेली असताना गाडी बदलावी लागत नाही.

याच वाटा मे ते सप्टेंबरमध्ये करायच्या असतील तर बेत निम्मा करावा. दमट उकाड्यात दुप्पट पाणी लागतं, माणशी दोन लिटर तरी. सकाळी निघण्याआधी हाँगकाँग वेधशाळेचं अ‍ॅप बघावं: पावसाचे इशारे पिवळा, लाल, काळा असे चढत जातात, वादळाचा ८ नंबरचा सिग्नल लागला की बससेवाही आवरती घेतात. पिवळा लागला तरी ओढ्याच्या वाटेला जाऊ नये, लाल असेल तर त्या दिवशी मुलांना सायन्स म्युझियमला न्यावं, काळा असेल तर हॉटेलातच थांबावं. ऑक्टोबरचा शेवट ते फेब्रुवारीची सुरुवात हा कुटुंबासाठी सर्वांत बरा काळ.